पुसलेली फुली

बांबूची सायकल चालते. हे आधीच लिहून टाकते, कारण मी सांगायला लागले की ऐकणारा पहिल्यांदा तेच विचारतो. चालते, लोखंडी सायकलीपेक्षा हलकी असते, आणि खराब सडकेवर कंबरेला दणके कमी बसतात. दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हा ग्वाल्हेरात, शिंदे की छावनीत, माझ्या नवऱ्याने ती केली. मी चौथीपर्यंत शिकले आहे, सजवून लिहिता येत नाही. जसं झालं तसं लिहिते.

सासरचं घराणं शिपाईगिरीचं. फौजेबरोबर दख्खनेतून आलेले लोक. मामंजी घोडदळात होते, माझं लग्न झालं तेव्हा ते वारले होते. त्यांची तलवार आणि भाला तेवढा बैठकीच्या भिंतीवर होता. थोरल्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पलटणीत घेतलं नाही. छाती कमी भरली. मग हे खासगी बाजार नावाच्या पेठेत सायकलदुरुस्तीच्या दुकानात लागले आणि काही वर्षांनी घरच्या अंगणातच पत्र्याची शेड घालून स्वतःचं काम करू लागले. सासूबाईंना ते कधी आवडलं नाही. घोडेस्वाराचा मुलगा लोकांच्या चाकात हवा भरतो, असं त्या आल्यागेल्याला सांगत.

लढाई सुरू झाली आणि विलायती सायकली यायच्या बंद झाल्या. सुटे भाग मिळेनात. लोक मोडक्या फ्रेमी घेऊन येत आणि यांच्याजवळ लोखंडाची नळी नसे. एक दिवस हे जेवता जेवता उठले, उष्ट्या हाताने भिंतीवरचा भाला काढला आणि दोन पाटांवर आडवा ठेवून त्यावर उभे राहिले.

सासूबाई ओरडल्या, "अरे, वडिलांच्या भाल्यावर पाय देतोस?"

"आई, बघ ना, वाकतो पण मोडत नाही. भरीव बांबू आहे."

"मग काय झालं?"

"घोड्यावरून मारला तरी मोडला नाही. माणसाच्या वजनाने काय मोडेल?"

त्या दिवशी यांनी पुढचा भात खाल्लाच नाही. त्यानंतर दोन वर्षं घरात बांबूखेरीज बोलणं नव्हतं. शिवपुरीच्या जंगलातून बांबू यायचा. तो पाण्यात मुरवायचा, मग धुरावर शेकायचा. जिथे दोन बांबू मिळतात तिथे पितळेचा सांधा बसवायचा, तो एक तांबट ओतून द्यायचा. सांध्यात बांबू घालून वरून राळ आणि लाख एकत्र शिजवून ओतायची. ती शिजवायचं काम माझं. माझ्या हातांना वर्षभर राळेचा वास यायचा, पोळ्यांनाही यायचा, पण कोणी तक्रार केली नाही. राळ थंड झाली की पितळ आणि बांबू यांतून आरपार भोक पाडून खिळा घालायचा आणि त्याची दोन्ही टोकं ठोकून चपटी करायची. खिळा महत्त्वाचा. नुसत्या राळेवर सायकल उभी राहते, चार पावलं चालतेही, पण जोराचा धक्का बसला की सांधा सुटतो.

म्हणून यांनी एक नियम केला होता. ज्या सांध्याला खिळा घालायचा राहिला असेल त्यावर खडूने पांढरी फुली मारायची. फुली दिसली की त्या सायकलीवर कोणी बसायचं नाही. खिळा घातला की फुली स्वतः यांनीच पुसायची, दुसऱ्या कोणी नाही. हा नियम मला माहीत होता. मला कोणी सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

हे या सगळ्याला कंपनी म्हणायचे. कंपनी म्हणजे पत्र्याची शेड, हे, बाहेरून सांधे देणारा तांबट, राळ शिजवणारी मी, आणि भाऊजी.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. बावीस-तेवीस वर्षांचे. नवी सायकल झाली की आधी ते चालवायचे. किल्ल्याच्या उरवाईच्या उतारावरून सोडून द्यायचे, मग छावनीत येऊन गल्लीच्या तोंडापासून पायडल न मारता घरापर्यंत यायचे. मागच्या चाकाची टिकटिक ऐकू आली की मी समजायची, आले.

"वहिनी, आज तुमच्या राळेने लाज राखली."

"राखणारच."

"तुमची आमटी एवढी पातळ होते आणि राळ मात्र बरोबर घट्ट होते, हे कसं काय?"

"घट्ट आमटी हवी तर बायको आणा."

"आणतो ना. दादाला म्हणावं आधी तिला पुढे बसवायला दांडा मजबूत कर. और सुनो, तिला राळ नाही शिजवायला लावायची हं."

हे असं चालायचं. भाऊजी अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलत. मित्र सगळे हिंदी बोलणारे होते.

गल्लीतल्या लोकांनी आधी पुष्कळ चेष्टा केली. बांबू म्हटलं की तिरडी. समोरचा पानवाला चबुतऱ्यावरून ओरडायचा, "भैया, अर्थी में पहिये लगवा लिए क्या?" भाऊजी थांबून म्हणायचे, "हां चाचा, आपका नंबर आए तो बताना, दौड़ के पहुँचा देंगे।" पानवालाच सगळ्यांत जास्त हसायचा. पण सासूबाई हसत नसत. त्या यांना म्हणाल्या, "बांबू घरात येतो तो एकाच कामाला."

"लग्नाच्या मांडवालाही बांबूच लागतो, आई," हे म्हणाले.

"मग मांडव घाल. धाकट्याचं लग्न कर. हे काय घातलंस अंगणात?"

हळूहळू सायकली खपायला लागल्या. दूधवाले घेऊन गेले, एक वैद्य घेऊन गेले. मग दरबारच्या एका खात्याच्या साहेबांकडून निरोप आला की गावोगाव टपाल नेणाऱ्या माणसांसाठी पन्नास सायकली हव्यात, तीन आणून दाखवा. साहेब मराठी होते, आपल्यासारखे मुहूर्त मानणारे. नव्या कामाला दसऱ्याचा दिवस चांगला, दुपारी मिरवणुकीच्या गडबडीत वेळ नाही मिळणार, सकाळी फूलबागेपाशी आणा, असं त्यांनी सांगितलं. हे इतके खूश झालेले मी आधी कधी पाहिले नव्हते. पन्नास सायकली म्हणजे खरोखरीच कंपनी. मला म्हणाले, "आता राळ शिजवायला माणूस ठेवू." मी म्हटलं, "ठेवा, पण माझ्याएवढी घट्ट नाही होणार."

खरं सांगायचं तर मलाही ते काम व्हावं असं फार वाटत होतं. नुसती चाकं दुरुस्त करणाऱ्याची बायको म्हणून मी बायकांत मागे बसायची. सासूबाईंचं बोलणं रोजचं. पन्नास सायकली झाल्या असत्या तर ते थांबलं असतं.

तीन हव्या होत्या, यांनी चार केल्या. एखादी ऐन वेळी बिघडली तर हाताशी असावी म्हणून. तीन पुऱ्या झाल्या. चौथीचे सगळे खिळे बसले, फक्त हँडलखालच्या सांध्याचा राहिला. तेवढ्यात अष्टमीची संध्याकाळ झाली आणि सासूबाई शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहिते. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊनपुसून पूजेला मांडायची. शिपायांच्या घरात तलवार-भाला असतो, आमच्याकडे त्यांच्या शेजारी पाने, हातोडे, पकडी, भोकं पाडायचा सामता, सगळं पाटावर. एकदा पूजेत ठेवलं की दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत हात लावायचा नाही. नवमीला कामाला सुट्टी.

"दे सगळं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, एक खिळा राहिलाय. सकाळी देतो."

"सकाळी धुवायचं कधी, वाळवायचं कधी? तुझ्या बापाने लढाईतसुद्धा नवमीला तलवार घासून ठेवली. दे."

यांनी दिलं. चौथी तशीही राखीवच होती. खडू घेतला, हँडलखालच्या सांध्यावर फुली मारली आणि हात झटकले. हे मी स्वतः पाहिलं. मी शेडच्या उंबऱ्यावर हत्यारं परातीत भरून घेत होते.

नवमीला सकाळपासून मी घासत होते. आधी तलवार, मग भाल्याचं पातं, मग यांची हत्यारं राखेने. मग सासूबाई म्हणाल्या, "त्या सायकलीही पूस. पूजेत ठेवायच्या तर धूळ नको." ओलं फडकं घेऊन मी चारही सायकली पुसल्या. बांबू पुसला, पितळेचे सांधे चकचकीत केले. मग सासूबाईंनी गंध उगाळून दिलं आणि मी प्रत्येक सांध्याला गंध लावलं, वर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. चौथ्या सायकलीच्या हँडलखाली खडू होता. फडक्याच्या एका फटक्यात गेला. जिथे खिळा यायचा तिथलं भोक मोकळं होतं, त्यात गंध भरलं गेलं.

पुसताना मला कळलं नाही का, असं मीच स्वतःला हजारदा विचारलं आहे. नियम मला माहीत होता. पण हात चालत होते. सकाळपासून जे दिसेल ते घासायचं, पुसायचं, एवढंच चाललं होतं. पांढरं दिसलं, पुसलं. झालं.

दसऱ्याला सकाळी हे आंघोळ करून कोरं धोतर नेसून साहेबांकडे आधी गेले, पायीच. जाताना भाऊजींना सांगून गेले, "मी पुढे होतो. दोन मित्र घे आणि तीन सायकली फूलबागेला आण. फुलीवाली घेऊ नकोस, ती राहू दे."

सासूबाईंनी पूजा उतरवली. मी आत पुरणपोळी करत होते, कोपरापर्यंत कणीक. भाऊजी अंगणातून ओरडले, "वहिनी, फुलीवाली कोणती?"

"असेल तिथेच. बघा ना."

"चारही बघितल्या. सगळ्या दुल्हन बनून बसल्यात, हळदकुंकू लावून. फुली कुठेच नाही."

आता मी काय म्हटलं ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, "नसेल तर काम झालं असेल. मला काय विचारता?"

"मग ही कडेची घेतो. सबसे हल्की है."

मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले की त्या क्षणी मला आठवलंच नाही. ते खोटं आहे. अर्धवट आठवलं होतं. काल काहीतरी पांढरं पुसलं, असं मनात येऊन गेलं. पण तव्यावर पोळी होती, ती करपली असती, आणि सासूबाई मागे उभ्या होत्या. मी पोळी उलटली. तोपर्यंत गल्लीत टिकटिक सुरू झाली होती.

फूलबागेपाशी काय झालं ते मी पाहिलं नाही. यांनी पुढे जे थोडं सांगितलं तेवढंच. यांनी तिन्ही सायकलींवर नजर फिरवली, फुली कुठे नव्हती, म्हणजे बरोबर तीनच आल्यात असं समजले. चारही दिसायला सारख्याच होत्या. दोन सायकली साहेबांनी नुसत्या हाताने उचलून पाहिल्या. मग म्हणाले, "टपालाच्या थैलीएवढं वजन ठेवून चालवून दाखवा." भाऊजींनी मागे धान्याचं पोतं बांधलं आणि जोरात निघाले. परत येताना सडकेच्या कडेला खड्डा होता. हँडल हातात आलं आणि सायकल मागे राहिली. डोकं दगडी काठावर आपटलं.

दवाखान्यात तीन दिवस होते. शुद्धीवर आले नाहीत. मी एकदा गेले होते. कपाळाला पट्टी आणि बोटांना हळद. हँडलला मी लावलेली हळद.

घरी आणलं तेव्हा समोरचा पानवाला खाली मान घालून आला आणि तिरडी बांधायला सगळ्यांत आधी त्यानेच हात लावला. सासूबाई फक्त यांच्याकडे बघत होत्या.

स्मशानातून आल्यावर हे तसेच ओल्या कपड्यांनी शेडमध्ये गेले. ती मोडकी सायकल कोणीतरी तिथे आणून टाकली होती. बऱ्याच वेळाने मला हाक मारली. मी गेले. सासूबाई माझ्या मागून दारात येऊन उभ्या राहिल्या.

यांच्या हातात तो सांधा होता. भोकातलं गंध यांनी काडीने काढलं होतं.

"नवमीला सायकली तू पुसल्यास ना?"

"हो."

"यावर फुली होती का?"

मी दारात उभ्या असलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचं डोकं उघडं होतं, पदर खांद्यावर पडला होता, आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"नव्हती," मी म्हटलं.

हे म्हणाले, "म्हणजे मी मारायला विसरलो." एवढंच. सांधा खाली ठेवला आणि आंघोळीला गेले.

लोकांना वाटतं खोटं बोलायला धाडस लागतं. काही लागत नाही. एक शब्द होता.

सुतक फिटल्यावर साहेबांचा माणूस आला. साहेबांनी समजूतदारपणा दाखवला होता. तरुण माणूस होता, जोरात चालवत होता, अपघात कोणत्याही सायकलीला होतो, उरलेल्या दोन सायकली आम्हाला पसंत आहेत, पन्नास करून द्या. मला वाटलं, आता तरी हे सावरतील. यांनी काम घेतलं. बांबू आला, सांधे आले. मी पुन्हा राळ शिजवायला लागले.

पण यांचा स्वतःच्या हातावरचा भरवसा उडाला होता. आधी हे बोलता बोलता खिळा ठोकत. आता एक खिळा ठोकायचा, त्यावर बोट फिरवायचं, दूर जाऊन बघायचं, परत येऊन बोट फिरवायचं. मग फुली मारायची, पुसायची, पुन्हा मारायची. पुऱ्या झालेल्या सायकली सकाळी उठून पुन्हा तपासायच्या. पुढे पुढे तर चांगला बसलेला खिळा पुन्हा कानशीने घासून काढायचे, आत खरोखर आहे का ते बघायला. तो सांधा मग कामाचा राहत नसे. वर्षभरात सहा सायकली गेल्या. साहेबांचे निरोप यायला लागले. आधी गोड, मग कोरडे.

मी हे रोज बघत होते. माझ्या एका वाक्याने हा माणूस मोकळा झाला असता हे मला कळत होतं. ते वाक्य तोंडात घेऊन मी भाजी चिरायची. आज सांगते, उद्या सांगते. आधी सासूबाईंची भीती होती. मग यांची. मग भीतीही राहिली नाही, सवय झाली. न सांगायची सवय होते, जशी मीठ कमी खायची होते.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. पण उन्हाळ्यात लू, म्हणजे तापलेला वारा, चालायला लागली की शेडमध्ये टांगलेले बांबू वाळून कडकडायचे. भर दुपारी, गल्लीत कुत्रं नसताना, आतून कर्र असा आवाज यायचा, मग थांबायचा, मग पुन्हा. सासूबाई माळ ओढता ओढता म्हणायच्या, "आला." मी म्हणायची, "बांबू तडकतोय, आई." आणि तरी दुपारी मी शेडमध्ये पाय ठेवला नाही. राळ सकाळीच करून घ्यायची. गल्लीत एखाद्या सायकलीची टिकटिक आली की माझे हात आपोआप थांबायचे. दुसराच कोणी असायचा, पुढे निघून जायचा. एकदा माझी मुलगी पाटीवर अक्षरं काढत होती. चुकलं म्हणून तिने ओल्या फडक्याने पाटी पुसली. मी तिच्या हातावर फाटकन मारलं. ती रडायला लागली, "आई, काय केलं मी?"

भाऊजी गेले त्याच्या तिसऱ्या वर्षी, ज्येष्ठ महिना, साहेबांची शेवटची चिठ्ठी आली. पावसाळ्यापूर्वी उरलेलं काम दिलं नाही तर दुसऱ्याला देऊ. शेडमध्ये नऊ सायकली पुऱ्या तयार होत्या. नऊच्या नऊ. त्या नुसत्या नेऊन द्यायच्या होत्या. मी दुपारचं सगळं आवरलं आणि बाहेर आले तर आतून कानशीचा आवाज. मी त्या दुपारी पहिल्यांदा शेडमध्ये गेले.

हे खाली बसून तयार सायकलीचा खिळा घासून काढत होते. घामाने सदरा पाठीला चिकटला होता.

"ती पुरी झालेली आहे," मी म्हटलं.

"बघून घेतो."

"काल बघितलीत."

"काल बघितली तर काय झालं? त्या दिवशीही बघितली होती."

मी समोर बसले. पत्रा इतका तापला होता की डोक्यात घण पडल्यासारखं होत होतं.

"तुम्ही विसरला नव्हता. फुली मारली होती. मी पुसली."

कानस थांबली.

"नवमीला ओल्या फडक्याने पुसली. भोकात गंधही मीच भरलं. भाऊजींनी मला विचारलं होतं, फुलीवाली कोणती. मी म्हटलं, काम झालं असेल. तुम्ही फुली मारलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती, अष्टमीला, मी उंबऱ्यावर होते."

यांनी कानस खाली ठेवली. मला वाटलं आता उठून मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तेव्हा विचारलं तर नव्हती म्हणालीस."

"खोटं बोलले."

"तेव्हा कशाला खोटं बोलशील तू? घरातून नुकतं मढं गेलेलं." यांनी मान हलवली. "खोटं आता बोलतेयस. माझी ही दशा बघवत नाही म्हणून."

"अहो, शपथ घेते. मुलीची शपथ."

"शपथ नको घेऊ. मला चांगलं आठवतं. आईने हत्यारं मागितली, मी उठलो, हात धोतराला पुसले. हातावर खडू नव्हता. फुली मारली असती तर बोटांना खडू लागला असता की नाही?"

"तुम्ही हात झटकलेत. मी बघितलं."

"नाही." हे इतक्या ठामपणे म्हणाले की क्षणभर मलाच शंका आली. तीन वर्षं तेच तेच आठवून त्यांनी ती संध्याकाळ नवी करून घेतली होती. माझी आठवण तिच्यात बसत नव्हती.

मी पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून, फडक्यासकट, पोळीसकट. यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, राळेने काळा झालेला.

"तू चांगली आहेस," हे म्हणाले.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं, नंतरही कधी म्हटलं नाही.

"पण आईपुढे हे बोलू नकोस," ते म्हणाले. "ती खरं धरेल."

मी उठले.

संध्याकाळी चहा घेऊन यांनी मला कागद-दौत आणायला सांगितली. कंपनीची कागदपत्रं मीच लिहायची, यांचं अक्षर कोणाला वाचता येत नसे. साहेब मराठी, म्हणून अर्ज मराठीत. हे भिंतीला टेकून सांगत गेले, मी लिहीत गेले. उरलेल्या सायकली करून देणं माझ्याने होणार नाही. तयार असलेल्या नऊही देऊ शकत नाही, कारण त्यांची खात्री मला देता येत नाही. मग म्हणाले, "लिही. मागे माझ्या विसरण्यामुळे माझा भाऊ गेला, तेव्हापासून माझा माझ्या हातावर विश्वास राहिलेला नाही."

मी टाक उचलून धरला. "हे वाक्य नको," मी म्हटलं.

"लिही."

"ते खरं नाही."

"किती वेळा तेच? लिही, दिवेलागण होतेय."

आतून सासूबाईंनी विचारलं, "काय चाललंय रे?" यांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, माझ्यासाठी. "काही नाही, आई," ते म्हणाले, "अर्ज लिहितोय."

मी लिहिलं. सगळं वाक्य, त्यांनी सांगितलं तसं, माझ्या अक्षरात. यांनी खाली सही केली, शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊन दिला.